हप्ता चुकलेल्यांचा कायदा

कायदा जुना होतो, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. घर जुने झाले म्हणजे गळू लागते. कोट जुना झाला म्हणजे कोपरावर विरतो. आणि माणूस जुना झाला म्हणजे त्याच्या बोलण्यात ‘आमच्या वेळी’ हे शब्द वरचेवर येऊ लागतात. कायद्याच्या अंगावर मात्र वार्धक्याची अशी एकही खूण उमटत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे कलम आजही त्याच ताठ भाषेत, त्याच क्रमांकाखाली उभे असते. त्याची गळती होते ती भलत्याच ठिकाणी. ज्यांनी तो कायदा कधी वाचला नाही, आणि वाचण्याची ज्यांना कधी गरजही भासली नाही, अशा माणसांच्या घरात. कायद्याची दुरुस्ती ही वकील, अधिकारी आणि कायदेमंडळाचे सभासद यांनी आपसात उरकून घेण्याची बाब आहे, असा एक सोयीस्कर समज आपण सुशिक्षितांनी करून घेतला आहे. तो किती महागात पडतो हे पाहायचे असेल, तर विम्याच्या कायद्याकडे पाहावे.

विम्याचे नाव काढताच काही वाचकांनी पान उलटण्याची तयारी केली असेल, याची मला कल्पना आहे. विमा एजंट समोरून येताना दिसताच गल्ली बदलणारा गृहस्थ हा आपल्या विनोदी वाङ्मयातला जुना ओळखीचा माणूस आहे. पण त्या एजंटाला क्षणभर बाजूला ठेवून, तो जो करार आपल्यापुढे सहीसाठी ठेवतो त्याचा विचार करावा. वाण्याला आपण पैसे देतो आणि साखर घेतो. साखर ओली निघाली तर संध्याकाळी ती परत नेऊन त्याच्यापुढे ठेवतो. विम्यात पैसे आज द्यायचे, पुढल्या वर्षी द्यायचे, वीस-पंचवीस वर्षे देत राहायचे. आणि माल पदरात पडायची वेळ येते तेव्हा, ज्याने पैसे मोजले तो पुष्कळदा या जगातच नसतो. ज्याने सौदा केला तो माल पाहत नाही, आणि ज्यांच्या हाती माल येतो त्या बायकामुलांनी सौदा केलेला नसतो. अशा व्यवहारात गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलणारे कोणीतरी दुकानात कायमचे बसलेले असावे लागते. ते काम कायद्याचे. त्यासाठी कायद्याने नुसते हजर असून भागत नाही. त्याने जागेही असावे लागते.

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. विम्याच्या कायद्याशी माझी गाठ पडावी असे काही कारण नव्हते; पण ती पडली, आणि तीही प्राण्यांच्या गोष्टींच्या वाटेने. ला फाँतेन या फ्रेंच कवीच्या पद्य नीतिकथांची इंग्रजी भाषांतरे वर्गासाठी चाळत असता, १८४१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले एलिझर राइट याचे भाषांतर हाती लागले. भाषांतरकाराची माहिती शोधू गेलो, तेव्हा असे आढळले की, साहित्याच्या इतिहासापेक्षा विम्याच्या इतिहासात या माणसाचे नाव फार मोठे आहे. किंबहुना अमेरिकेत त्याला आयुर्विम्याचा जनक असेच म्हणतात. नीतिकथांचा भाषांतरकार आणि विम्याचा जनक! या दोन वाटा एकाच आयुष्यात कोठे मिळाल्या असतील, या कुतूहलाने मी पुढे वाचीत गेलो, आणि काही महिने त्या वाचनातून सुटलो नाही.

राइट १८०४ साली कनेक्टिकटमध्ये जन्मला, येल येथे शिकला आणि ओहायो राज्यातील एका कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. पण गुलामगिरीच्या प्रश्नाने त्याला स्वस्थ बसू दिले नाही. १८३३ साली कॉलेज सोडून तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा चिटणीस झाला. पुढे कुटुंब मोठे आणि मिळकत तुटपुंजी अशा अवस्थेत त्याने नीतिकथांचे भाषांतर केले आणि पुस्तकाच्या प्रती स्वतःच हिंडून विकल्या. १८४४ साली तो इंग्लंडला गेला. तेथील विमा कंपन्यांचा कारभार पाहून यावे, असेही एक काम त्याच्याकडे होते. कारण आयुर्विम्याचा धंदा अमेरिकेत तेव्हा नवा होता आणि या विद्येत लंडन ही काशी मानली जात असे.

ला फाँतेनच्या संग्रहातील पहिलीच कथा मुंगीची आणि उन्हाळाभर गात बसलेल्या किड्याची आहे. जगातील प्रत्येक विमा एजंटाला ती तोंडपाठ असावी अशीच आहे: जो साठवतो तो तरतो, जो गातो तो मरतो. पण ज्या मुंगीने दोन उन्हाळे दाणे साठवले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जी आजारी पडली, तिच्या आधीच्या दाण्यांचे काय, हे कथा सांगत नाही. त्या कथेच्या भाषांतरकाराला याच प्रश्नाने लंडनमध्ये गाठले.

तेथे त्याने विम्याच्या पॉलिसींचा लिलाव पाहिला. तारुण्यापासून हप्ते भरीत आलेली, आणि आता म्हातारपणी ते भरण्याची ऐपत न उरलेली माणसे आपापली पॉलिसी विकायला आली होती. कंपनीकडे जावे तर तिला ती परत घेण्याचे बंधन नव्हते. हप्ता चुकला की करार संपला आणि भरलेले पैसे बुडाले. म्हणून बाजार. घेणारा पुढचे हप्ते आपण भरणार आणि म्हातारा मेला की रक्कम उचलणार. तेव्हा म्हातारा जितका थकलेला दिसेल तितकी बोली चढी. माणसाच्या उरलेल्या आयुष्यावर लागणारी ती बोली ऐकताना, ज्याने ऐन उमेदीची वर्षे गुलामांच्या लिलावाविरुद्ध लढण्यात घालवली होती, त्या राइटला काय आठवले असेल हे सांगावयास नको. माझ्या हातून कधी काही होणार असेल तर हे मी थांबवीन, असा निश्चय करून तो मायदेशी परतला.

येथे थोडे गणित आले. पण ते चुकवून पुढे जाता येत नाही, आणि ते कठीणही नाही. माणूस जसजसा म्हातारा होतो, तसतसा त्याच्या मरणाचा संभव वाढतो. खरे पाहता विम्याचा हप्ताही दर वर्षी वाढत जावयास हवा. तसे केले तर साठीनंतर तो कोणालाच झेपणार नाही. म्हणून सोय अशी काढली की, हप्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा ठेवायचा. याचा अर्थ असा की, तरुणपणी माणूस लागते त्याहून जास्त भरतो आणि म्हातारपणी लागते त्याहून कमी. तरुणपणीचे हे जास्तीचे पैसे कंपनीच्या तिजोरीत साठत जातात. त्यालाच राखीव निधी म्हणतात. आता हा निधी कोणाचा? कंपनी म्हणे, करार पुरा करणाराचा. राइट म्हणाला, ज्याने भरला त्याचा.

हे नुसते म्हणून चालणार नव्हते. प्रत्येक पॉलिसीमागे प्रत्येक वर्षी किती निधी साठलेला असावयास हवा, हे कोणी मोजले नसेल, तर कंपनीला खोटे ठरवणार कशाच्या आधारावर? तेव्हा नीतिकथांचा हा भाषांतरकार आकडेमोडीला बसला, आणि १८५३ साली त्याने मूल्यांकनाची कोष्टके छापून काढली. पुढची काही वर्षे तो मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायदेमंडळाच्या पायऱ्या झिजवीत राहिला. १८५८ साली कायदा झाला: राज्यात धंदा करणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या पॉलिसींचे मूल्यांकन होईल आणि तेवढा निधी तिच्याजवळ असावाच लागेल. ते मूल्यांकन करण्यासाठी नेमलेल्या आयुक्तांत स्वतः राइट होता. १८६१ साली दुसरा कायदा झाला. त्याने असे ठरवले की, हप्ता चुकला तरी साठलेल्या निधीचे चार-पंचमांश बुडणार नाहीत. तेवढ्या पैशात जितके दिवस विमा चालू राहू शकेल तितके दिवस तो चालू राहील. म्हणजे नोकरी गेलेला माणूस हप्ता चुकल्यानंतर सहा महिन्यांनी मेला, तरी त्याच्या विधवेला पूर्ण रक्कम मिळू शकेल. रोख परताव्याचा हक्क मॅसॅच्युसेट्सने दिला तो १८८० साली. लंडनच्या लिलावापासून येथवर छत्तीस वर्षे लागली. पाहताना चाळिशीचा असलेला राइट तोवर पंचाहत्तरी ओलांडून गेला होता.

पण ही हकीकत येथे संपली असती, तर ती बोधकथा झाली असती. कायद्याचा इतिहास झाला नसता. १८६६ साली राइटचे पद गेले. कंपन्यांना तो केव्हाच नकोसा झाला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये विम्याचा एक नवा प्रकार बाजारात आला. त्यात नफ्याची वाटणी वीस-वीस वर्षे लांबणीवर टाकीत, आणि मधल्या काळात ज्यांचे हप्ते चुकतील त्यांचा वाटा शेवटपर्यंत टिकणाऱ्यांत वाटीत. मागे राहिलेल्यांचे दाणे पुढे गेलेल्यांनी खावयाचे! राइट मरेपर्यंत याविरुद्ध लिहीत होता. पण ही पद्धत तुफान लोकप्रिय झाली, कारण प्रत्येक माणसाला आपण टिकणारच असे वाटत असते. तो १८८५ साली वारला. त्याच्या मागून वीस वर्षांनी, १९०५ साली, न्यूयॉर्कच्या कायदेमंडळाने कंपन्यांच्या कारभाराची चौकशी केली. चार्ल्स एव्हन्स ह्यूज या वकिलाच्या उलटतपासणीत संचालकांची उधळपट्टी आणि राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या उघड्यावर आल्या. आणि १९०६ च्या कायद्याने नफ्याची ती लांबणीवरची वाटणी बंद झाली. कायद्याने एक दार लावले की धंदा दुसरे शोधतो. यात धंद्याला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. पाण्याने उतार शोधावा तसा तो आपली वाट शोधतो. पण म्हणूनच दार एकदा लावून झोपी जाणाऱ्या पहारेकऱ्याचा काही उपयोग नसतो.

अमेरिकेत या पहाऱ्याची व्यवस्था मोठी चमत्कारिक आहे. विम्यावर देखरेख आहे ती मुख्यतः एकेका राज्याची. याचे मूळ एका खटल्यात आहे. व्हर्जिनिया राज्याचा परवाना नसताना न्यूयॉर्कच्या कंपन्यांचे विमे विकणाऱ्या पॉल नावाच्या एजंटाला दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि १८६९ साली न्यायालयाने निकाल दिला की, विमा हा राज्याराज्यांमधला व्यापार नव्हेच, तेव्हा त्याचे नियमन राज्यांकडेच राहील. दोनच वर्षांनी, १८७१ साली, निरनिराळ्या राज्यांचे विमा आयुक्त एकत्र जमले आणि त्यांनी आपली एक परिषद स्थापन केली, ती आजही चालू आहे. पुढे १९४४ साली न्यायालयाने आपलेच मत फिरवले आणि विमा हा व्यापारच आहे असे म्हटले. पण काँग्रेसने लगेच १९४५ साली कायदा करून देखरेख राज्यांकडेच ठेवली. परिणामी आज तेथे विम्याचा कायदा एक नाही, पन्नास आहेत. आयुक्तांची परिषद नमुन्याचा कायदा तयार करते, आणि मग तो एकेका कायदेमंडळाच्या दारात जाऊन उभा राहतो.

याचे फळ गोड की कडू? दोन्ही. निधी कसा मोजावा याविषयीचा नमुना-कायदा १९४२ साली तयार झाला. पुढे आयुर्मान बदलले, व्याजाचे दर बदलले, पॉलिसींचे प्रकार बदलले, आणि जुन्या ठरीव सूत्राने मोजलेला निधी कोठे गरजेपेक्षा जास्त तर कोठे कमी पडू लागला. तेव्हा २००९ साली परिषदेने नवा नमुना मंजूर केला. परंतु पुरेशा राज्यांनी तो स्वीकारून अंमलात यावयास २०१७ साल उजाडले. पन्नास भावांच्या सह्या घेऊन वडिलोपार्जित वाड्याची कौले बदलावयाची, तसा हा प्रकार. उलट हेही खरे की, १८५८ साली साऱ्या देशाची संमती मिळवून मग राइटचा कायदा करावयाचा असता, तर तो कदाचित झालाच नसता. एका लहान राज्याने एका हट्टी माणसाचे ऐकले, आणि इतरांना ते पाहून शहाणे होता आले. सर्वांनी एकदम सुधारावे यासाठी थांबणे आणि कोणीच न सुधारणे, यांत फरक थोडा असतो.

कायद्याची सुधारणा म्हणजे दर वेळी फास आवळणे, असाही गैरसमज करून घेऊ नये. कॅलिफोर्नियाचे उदाहरण अगदी ताजे आहे. १९८८ साली तेथील मतदारांनी थेट मतदानाने नियम करून घेतला की, घराच्या व मोटारीच्या विम्याचे दर वाढवण्यापूर्वी कंपन्यांनी राज्याच्या आयुक्ताची संमती घ्यावी. वणव्यांपासून होणाऱ्या नुकसानीचा अंदाज मागील वीस किंवा अधिक वर्षांच्या सरासरीवरून बांधावयाचा, अशी रीत पडली. नियम लोकहिताचा होता, आणि त्याने ग्राहकांचे पैसे वाचवले यात शंका नाही. पण पुढे हवामान बदलले, वणवे मोठे झाले, आणि मागची सरासरी पुढचे काही सांगेनाशी झाली. ठरलेल्या दरात परवडेना तेव्हा कंपन्या नवे विमे उतरवणेच थांबवू लागल्या. स्वस्त विमा कागदावर राहिला आणि डोंगरकडेच्या घरांना विमाच मिळेनासा झाला. २०२४ च्या अखेरीस राज्याने नियम बदलले: भविष्याचा अंदाज बांधणारी गणिते वापरण्याची मुभा दिली, आणि तिच्या बदल्यात धोक्याच्या भागातही विमा उतरवण्याचे बंधन घातले. त्यानंतर काही दिवसांतच, २०२५ च्या जानेवारीत, लॉस एंजेलिसच्या आसपास भीषण वणवे भडकले. आपल्याकडे याला ‘बैल गेला नि झोपा केला’ असे म्हणतात.

जुना अन्याय नवे कपडे घालून येतो, तेव्हाही कायद्याला त्याची ओळख नव्याने पटवून घ्यावी लागते. १८८१ साली अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने असे ठरवले की, हप्ता तोच घ्यावयाचा, पण विमेदार काळा असेल तर रक्कम एक-तृतीयांशाने कमी द्यावयाची. मॅसॅच्युसेट्सने १८८४ साली कायद्याने त्याला मनाई केली. आपल्याला हे परके वाटू नये. आपल्या देशातही इंग्रजी कंपन्या गोऱ्या माणसापेक्षा हिंदी माणसाकडून जास्त हप्ता घेत, आणि १८७१ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे या रीतीला तडा गेला. आज असा भेद उघडपणे लिहून कोणी करणार नाही. पण माणूस कोठे राहतो, काय विकत घेतो, कर्ज कसे फेडतो, अशा माहितीच्या ढिगातून संगणकच त्याची पत ठरवू लागला, तर तोच भेद कोणी न लिहिता आपोआप होऊ शकतो. कोलोरॅडो राज्याने २०२१ साली कायदा करून ही जबाबदारी कंपन्यांवर टाकली की, त्यांनी आपली गणिते तपासावीत आणि त्यांतून वंश, धर्म, लिंग इत्यादी कारणांनी अन्याय्य भेद होत नाही हे दाखवून द्यावे. १८८४ च्या कायद्याचाच हा वंशज म्हणावयाचा.

सात समुद्रांपलीकडील राज्यांच्या या कायद्यांत मी इतका का रमलो, याला एक घरगुती कारणही आहे. ते सांगण्यापूर्वी आपल्या कायद्याची थोडी वंशावळ सांगितली पाहिजे. आपल्याकडे आयुर्विम्याच्या कंपन्यांसाठी पहिला कायदा १९१२ साली आणि विम्याचा सर्वांगीण कायदा १९३८ साली झाला. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. पण या साऱ्या उलथापालथीत मूळ कायदा म्हणून १९३८ चाच पाया राहिला. त्यातील ११३ व्या कलमाने असे सांगितले होते की, लागोपाठ तीन वर्षांचे हप्ते भरले असतील तर पॉलिसीला काही परतमूल्य येईल. व्यवहारात याला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. सरेंडर म्हणजे शरणागती; आणि मराठी कागदांत तर त्याला समर्पण-मूल्य असा भारदस्त शब्द आहे. देवाला करावयाचे ते समर्पण माणसाने विमा कंपनीला कसे करावे, हे मला समजलेले नाही. पण त्या काळी दिलेले ते अभय मोठे होते यात संशय नाही. तीनही हप्ते भरले नसतील तर? तर कायदा गप्प होता. २०१५ साली ते कलम बदलून, परतमूल्य किती व केव्हा, हे नियामक मंडळाने नियमांनी ठरवावे असे झाले. परंतु दीर्घ मुदतीच्या पारंपरिक पॉलिसींना त्या वेळच्या नियमांतही तीन वर्षांची अट कायमच होती.

माझ्या एका मावसभावाचा लहानसा छापखाना होता. बँकेतील एका ओळखीच्या माणसाच्या आग्रहावरून त्याने २०१५ साली एका कंपनीची वीस वर्षांची पॉलिसी घेतली. हप्ता वर्षाला पन्नास हजार. दोन हप्ते त्याने वेळेवर भरले. तेवढ्यात लग्नपत्रिका मोबाइलवर फिरू लागल्या, दिवाळीची शुभेच्छापत्रे तर आधीच बंद झाली होती, आणि छापखान्यातील यंत्र आठवड्यातून तीन दिवस झाकून राहू लागले. तिसरा हप्ता भरणे झाले नाही. काही महिन्यांनी कंपनीचे पत्र आले. ते घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, तू इंग्रजी शिकवतोस, यात माझे लाख रुपये कोठे लिहिले आहेत तेवढे मला दाखव.” मी पत्र वाचले, पॉलिसीचा जाड कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. रक्कम कोठेही नव्हती. थकलेले हप्ते व्याजासह भरून पॉलिसी पुन्हा चालू करण्याची मुदत होती. पण ज्याच्याजवळ एक हप्ता नाही त्याला दोन हप्त्यांची आणि व्याजाची सवलत म्हणजे तहानलेल्याला विहिरीची खोली सांगण्यासारखे. “फसवले का रे मला?” त्याने विचारले. या प्रश्नाचे उत्तर देणे मला फार जड गेले. कारण खरे उत्तर ‘नाही’ असे होते. कंपनीने कायदा मोडला नव्हता. कायदा पाळला होता.

राइटची ओळख होऊन गेलेली असल्याने, त्या रात्री मला वारंवार एकच गोष्ट जाणवत राहिली. जो प्रश्न एका माणसाने १८४४ साली पाहिला, ज्याचे गणित १८५३ साली छापून निघाले आणि ज्याचे उत्तर एका राज्याने १८६१ साली दिले, तोच प्रश्न माझ्यापुढे माझ्या मावसभावाचा चेहरा घेऊन बसला होता. त्याच्या दोन हप्त्यांचा निधी मोठा नसेल. पण तो शून्यही नव्हता.

कंपन्यांचीही एक बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. पहिल्या वर्षीच्या हप्त्यातील मोठा भाग एजंटाच्या कमिशनात, वैद्यकीय तपासणीत आणि नव्या पॉलिसीच्या इतर खर्चात जातो. दुसऱ्याच वर्षी निघून जाणाराला पैसे परत दिले, तर तो खर्च शेवटी टिकून राहणाऱ्यांच्या डोक्यावर बसतो. शिवाय विमा ही काही बँकेतील चालू ठेव नव्हे. सर्वांनी मन मानेल तेव्हा पैसे काढून घ्यावयाचे ठरवले, तर कंपनीला लांब मुदतीची गुंतवणूक करणेच अशक्य होईल आणि त्यात सर्वांचाच तोटा होईल. हे राइटलाही मान्य होते. म्हणूनच त्याच्या कायद्याने पाच-पंचमांश नव्हे, चार-पंचमांश वाचवले. एक-पंचमांश जाणाराने मागे ठेवावा, हा न्याय आहे. सारेच मागे ठेवावे, ही मात्र वहिवाट आहे. आणि वहिवाटीला न्यायाची जागा मिळते ती कायदा म्हातारा झाल्यावर.

आपल्याकडे हे बदलले. २०२३ च्या डिसेंबरात नियामक मंडळाने परतमूल्य वाढवण्याविषयी एक मसुदा प्रसिद्ध केला. कंपन्यांनी हरकती घेतल्या, बरीच चर्चा झाली, आणि अखेर २०२४ च्या जूनमध्ये निघालेल्या परिपत्रकाने ठरले की, १ ऑक्टोबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींत, पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून ते वर्ष संपलेले असेल तर विशेष परतमूल्य द्यावेच लागेल. अट अखेर एका वर्षावर आली. ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, शेअरबाजाराच्या कोष्टकाशेजारी आली होती. माझ्या मावसभावाला तिचा उपयोग नव्हता. कायद्याची सुधारणा पुढे पाहते. मागे वळून ती सहसा पाहत नाही, आणि पुष्कळ अंशी ते योग्यही आहे. पण त्याचाच अर्थ असा की, सुधारणेला लागलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत कोणीतरी भरलेली असते, आणि ज्यांनी ती भरली त्यांच्या नावांची यादी कोणत्याही परिशिष्टात छापली जात नाही.

वाचकांना मी विम्याचे कायदे पाठ करण्याचा उपदेश करणार नाही; तो मलाच झेपणारा नाही. पण एक साधी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नियमांचे मसुदे सूचना व हरकतींसाठी लोकांपुढे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या मसुद्यांना उत्तरे कोण पाठवतात? ज्यांचा धंदा आहे ते न चुकता पाठवतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. पाठवीत नाहीत ते आपण: पगारातून हप्ता कापून जाणारे, कपाटातल्या पिशवीत पॉलिसीचा कागद जपून ठेवणारे, आणि तो पुन्हा उघडण्याची वेळ येऊ नये अशी प्रार्थना करणारे. गणिताचा एक माजी प्राध्यापक आपल्या कोष्टकांचे बाड काखेत मारून वर्षानुवर्षे कायदेमंडळात जात राहिला, आणि लोक त्याला कंटाळले तरी तो कंटाळला नाही, म्हणून मॅसॅच्युसेट्सचा कायदा जागा राहिला. आपल्याला कोष्टके मांडता येणार नाहीत. पण हप्ता चुकलेला माणूस कसा दिसतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात पाहिलेले आहे. मसुद्यावर चार ओळी लिहून पाठवायला तेवढी माहिती पुरते.